नुसता कागद पाहून दार लावू नका: आठवडे बाजाराच्या संयोजन समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
संयोजन समिती, शेतकरी आठवडे बाजार, पुणे

स. न. वि. वि.

बाजाराच्या व्हॉट्सॲप गटावर तुमची सूचना वाचली. पुढच्या महिन्यापासून फळांचे गाळे फक्त सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्यांना मिळतील, कारण 'आपला बाजार शंभर टक्के पर्यावरणपूरक करायचा आहे'. खाली हिरव्या पानांची चित्रे. गटावर फक्त ॲडमिननेच लिहायचे अशी सोय असल्यामुळे उत्तर तिथे देता आले नाही. म्हणून ते इथे देते आहे. रविवारी पिशवी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांनीही ते वाचावे, कारण निर्णय त्यांच्या नावावर घेतला गेला आहे.

मी पुरंदर तालुक्यातली. सासवडच्या आतल्या अंगाला आमची अंजीर आणि सीताफळाची बाग आहे. सासऱ्यांनी विहिरीच्या भरवशावर अंजीर लावले. सीताफळ त्याच्या आधीपासून बांधावर होतेच. मी कृषी पदविका घेऊन या घरात आले, त्यामुळे खताचा आणि फवारणीचा हिशेब आपसूक माझ्याकडे आला. २०१६ पर्यंत आमचा माल पुण्याच्या बाजार समितीत, गुलटेकडीला, आडत्याकडे जायचा. त्या वर्षी राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शहरात आठवडे बाजार वाढले, आणि आपले अंजीर खाणारा माणूस आम्हाला समोरासमोर भेटू लागला. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले तेही २०१६ सालीच. आज घरात येणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा तुमच्या बाजारातून येतो, हे मी लपवत नाही.

आता गंमत बघा. आमची सीताफळे सेंद्रिय आहेत, गावच्या गटातून पीजीएस पद्धतीने, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांच्या बागा तपासून, प्रमाणित केलेली. अंजीर तसे नाहीत. तुमच्या नियमाने माझे एक क्रेट आत येईल आणि दुसरे गेटवरून परत जाईल. विहीर तीच, बांध तोच, राबणारे हातही तेच. दोन्ही पद्धती एकाच बागेत करणारी बाई म्हणून सांगते, तुम्ही ज्याला पर्यावरणाची परीक्षा समजता आहात, तिच्यात निम्मे प्रश्न विचारलेलेच नाहीत.

आधी सेंद्रियच्या बाजूचे सांगते, म्हणजे मी औषध कंपनीची वकील आहे असे कुणाला वाटायला नको. युरिया बनतो नैसर्गिक वायू जाळून आणि वापरून. तो जमिनीत गरजेपेक्षा जास्त पडला की नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो, आणि काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक धरतात. सीताफळाच्या फुलात परागीभवन करतात ते बारीक भुंगेरे; फुलोऱ्यात कडक कीटकनाशक मारले की पिठ्या ढेकूण ही कीड मरो न मरो, हे भुंगेरे आधी मरतात आणि फळधारणा घटते. डाळिंबवाल्यांनी तेल्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके फवारली, म्हणजे माणसाचे औषध झाडावर घातले. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना माणसे मेली. २०२० साली केंद्राने २७ कीडनाशके बंद करण्याचा मसुदा काढला आणि २०२३ मध्ये प्रत्यक्षात त्यातली मोजकीच बंद केली. हे सगळे डोळ्यासमोर असताना रासायनिक शेती बरी चालली आहे असे मी म्हणणार नाही.

फळबागेपुरता दाखलाही सेंद्रियच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या सेंद्रिय, एकात्मिक (दोन्हींचा मेळ घालणारी) आणि रासायनिक अशा तीन बागा काही वर्षे शेजारी शेजारी ठेवून अभ्यास झाला. तो २००१ साली 'नेचर'मध्ये आला. तिन्हींचे उत्पन्न साधारण सारखे निघाले, आणि माती, पर्यावरण, नफा सगळे धरून क्रम लागला तो सेंद्रिय पहिली, एकात्मिक दुसरी, रासायनिक शेवटी असा. २०१२ साली जगभरच्या अभ्यासांची जी गोळाबेरीज झाली, तिच्यात सगळी पिके धरून सेंद्रियचे उत्पन्न सुमारे २५ टक्के कमी भरले, पण फळांमध्ये ही तूट जेमतेम ३ टक्के होती. म्हणजे सेंद्रिय करायचेच तर फळबाग ही त्यासाठी चांगली जागा आहे. आमच्या सीताफळाने मला तेच शिकवले. पानगळ जागच्या जागी कुजते, निंबोळी अर्क आणि पिठ्या ढेकणासाठी मित्रबुरशी एवढ्यावर भागते, माती भुसभुशीत राहते.

मग अंजीर का नाही केले? इथे माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार सुरू होते.

वॉशिंग्टनची ती बाग कोरड्या खोऱ्यातली आहे. आमच्या अंजिराचा खट्टा बहार, म्हणजे पावसाळ्यातले पीक, पावसाळी हवेत वाढतो. पाने ओली, हवा दमट, आणि पानाखाली तांबेरा, हा बुरशीचा रोग. तो वाढला की पाने पिवळी पडून गळतात, झाड उघडे पडते, फळ फुगत नाही. तांबेऱ्यावर सेंद्रियमध्ये हातात उरते ते मुख्यतः तांबे, म्हणजे बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. सेंद्रियच्या नियमांत त्याला निर्बंधांसह परवानगी आहे, आणि ते वापरूनही फळ सेंद्रियच राहते.

हिशेब करा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. मोरचुदात सुमारे पाव हिस्सा शुद्ध तांबे. मोठ्या झाडांना एकरी ४०० लिटर धरले तर एका फवारणीत एकरी १ किलो तांबे जाते, हेक्टरी अडीच किलो. दोन फवारण्या झाल्या की हेक्टरी पाच. युरोपात द्राक्षमळ्यांमध्ये हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनी २०१९ पासून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली, म्हणजे वर्षाला सरासरी ४. आमच्याकडे ओल्या वर्षात दोन फवारण्यांवर कुणी थांबत नाही.

तांबे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, उन्हाने उडत नाही, जिवाणू खात नाहीत. पडले ते वरच्या वीतभर मातीत साठत राहते, आणि प्रमाणाबाहेर गेले की गांडुळे आणि उपयोगी बुरशी हटते. ज्या गांडुळांसाठी सेंद्रिय करायचे, त्यांच्याच डोक्यावर मोरचूद ओतायचे. मी अंजिरात तांबेही वापरते आणि रासायनिक बुरशीनाशकही, दोन्ही मोजून आणि हवा बघून. त्यातल्या मँकोझेबची मी पाठराखण करत नाही. युरोपने २०२० मध्ये त्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, त्याला कारणे आहेत. पण वर्षात एखाददुसरी रासायनिक फवारणी करून तांबे निम्म्यावर आणणारी बाग मातीला जास्त जड की पाच वेळा बोर्डो मारणारी? या प्रश्नाचे उत्तर बागेगणिक बदलेल. तुमच्या नियमात मात्र हा प्रश्न विचारायलाच जागा नाही. प्रमाणपत्र काय वापरले नाही ते सांगते. जे वापरले ते किती वापरले, हे गाळ्यावर कुणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट खताची. युरियाची ४५ किलोची गोणी म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरले तर तेवढ्यासाठी चार टनांहून जास्त शेणखत लागते. आमच्या गावात इतकी जनावरे आता कुणाकडे आहेत? खत ट्रॉलीने बाहेरून येते, डिझेल जाळत. ते उकिरड्यावर नीट न कुजवता ढीग मारून ठेवले तर त्यातून मिथेन निघतो. पावसाच्या तोंडावर टाकले तर त्यातलेही नत्र वाहून ओढ्याला जाते. शेणखतातून नायट्रस ऑक्साइड निघत नाही असा एक समज शहरात आहे, तो खरा नाही. जगभरच्या शेतीपद्धतींची तुलना करणारा २०१७ चा एक मोठा अभ्यास आहे. त्यात अन्नाच्या एकेका किलोमागे मोजले तेव्हा सेंद्रिय शेतीला ऊर्जा कमी लागते, जमीन जास्त लागते, पाण्यात पोषकद्रव्ये उतरून होणारे प्रदूषण जास्त होते आणि हरितगृह वायू जवळजवळ सारखेच निघतात असे दिसले. हेक्टरी मोजले की चित्र वेगळे दिसते, किलोमागे मोजले की वेगळे. तुम्ही कुठले मोजले? माझा अंदाज, कुठलेच नाही.

जमिनीचा मुद्दा आमच्याकडे पुस्तकी नाही. विमानतळासाठी तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर नजर आहे. उरलेल्या जमिनीत तितकीच फळे काढायची तर एकरी किती निघते याला किंमत आहे. खट्टा बहार तांबेऱ्याने गेला तर ते पाणी, ते खत, ती मजुरी सगळे फुकट जाते, आणि ग्राहक ते फळ दुसरीकडून, लांबून मागवतो. वाया गेलेल्या पिकाचा पर्यावरणावरचा भार कोणत्याच प्रमाणपत्रात धरलेला नसतो.

तिसरी तक्रार थोडी टोचेल. समितीतल्या एका सदस्यांनी फोनवर मला मार्ग सुचवला: प्रयोगशाळेतून 'अवशेषमुक्त' असा अहवाल आणा, सहा महिने सवलत देऊ. त्यांचा हेतू चांगला होता. पण या अहवालाचा पर्यावरणाशी संबंध फार थोडा आहे. औषध मारून काढणीपूर्वीचा ठरलेला काळ पाळला की फळावर अवशेष मर्यादेखाली येतात. औषध मातीत, ओढ्यात आणि भुंगेऱ्यांच्या अंगावर पडायचे ते पडलेलेच असते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, त्यानंतर आपल्याकडची अवशेषांची तपासणी कडक झाली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे त्यात मोठे काम आहे. त्या सगळ्या तपासणीने खाणाऱ्याची काळजी घेतली, आणि ती घ्यायलाच हवी. मात्र नारायणगावच्या द्राक्षमळ्यातल्या मातीचे काय झाले, हे त्या अहवालात दिसत नाही. खाणाऱ्याच्या पोटाची परीक्षा आणि बागेच्या मातीची परीक्षा वेगळ्या आहेत. तुमच्या सूचनेत दोन्ही एकत्र कालवल्या आहेत.

चौथी, थोडक्यात. बाजाराच्या कोपऱ्यातला तो गाळा तुमच्या नियमात फुलांच्या पायघड्यांवरून आत येतो, जिथे हिमाचलचे सेंद्रिय सफरचंद आणि परदेशी सेंद्रिय किवी जाळीदार फोममध्ये एकेक गुंडाळून ठेवलेले असतात. शिमल्याहून पुणे साधारण १,८०० किलोमीटर. सासवडहून ३०. अन्नाच्या एकूण भारात वाहतुकीचा वाटा बहुतेकदा शेतीपेक्षा लहान असतो, हे मला माहीत आहे. पण फळझाडाचा शेतातला भारच मुळात कमी, त्यामुळे फळात वाहतूक आणि शीतगृह जड होतात. आणि फळ विमानाने आले असेल तर पुढचे बोलायलाच नको. गाळेधारकाशी माझे भांडण नाही, त्याने व्यवसाय करावा. फक्त त्याच्यावर पर्यावरणपूरक अशी पाटी आणि दिवे घाट उतरून आलेल्या अंजिरावर बंदी, हे पटवून द्या.

पाचवी तक्रार पाण्याची, आणि ही तुमच्या दारातून सुरू होते. आमच्या भागात पुरंदर उपसा सिंचन योजनेचे पाणी येते. ते उचलले जाते मुळा-मुठेतून, पुणे शहराच्या खालच्या अंगाला. तुमच्या सोसायट्यांच्या मोऱ्यांतून नदीत गेलेले, पुरते शुद्ध न झालेले सांडपाणी विजेचे पंप लावून डोंगर चढवून आमच्या शेतात येते. दुष्काळात आम्ही ते नाकारू शकत नाही. पाणी ते पाणी. त्या पाण्यावर सेंद्रिय प्रमाणित बागही भिजते आणि अप्रमाणित बागही. आमची विहीर आटली की आम्हीही ते घेतो. एखाद्या बागेने मोरचूद, युरिया, सगळे सोडले आणि पाणी असे वापरले, तर तिच्या मातीवर काय भार पडतो हे कुणी तपासायचे? शहराने नदीत सोडलेले बागेने निस्तरायचे आणि वर शहरानेच बागेला पर्यावरणाचे धडे द्यायचे, हे ऐकून आमच्या विहिरीवर जे बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

शेवटची तक्रार वागण्याची. बहुवर्षीय फळबागेला रासायनिकमधून सेंद्रियमध्ये येताना सुमारे तीन वर्षांचा रूपांतरण काळ जातो. त्या काळात औषधे बंद, उत्पन्न हललेले, आणि माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे जो आज बदलायला तयार आहे, त्यालाच तुमचा नियम नेमक्या अवघड काळात बाजाराबाहेर ठेवतो. तो परत गुलटेकडीला जाईल, भाव पडला की खर्च भागवायला पुन्हा औषधाकडे वळेल. हे तुम्हाला सांगायला कुणी शेतकरी समितीत आहे का? मी नावे पाहिली. गाळेधारकांचा एकही प्रतिनिधी नाही. 'शेतकरी' एवढा शब्द बाजाराच्या नावात आहे.

तर मागण्या अशा:

१. हा नियम या हंगामापुरता स्थगित करा, आणि समिती, गाळेधारक, ग्राहक यांची एक उघडी बैठक बाजाराच्याच मैदानात घ्या. वेळ रविवारी सकाळची नको, तेव्हा आम्ही विकत असतो.

२. प्रमाणपत्राऐवजी किंवा त्याच्या जोडीला प्रत्येक फळ गाळ्यावर एक पाटी सक्तीची करा: या बहारात कोणत्या फवारण्या झाल्या आणि किती, खत कोणते, पाणी कुठले, माल किती किलोमीटरवरून आणि कशाने आला. सेंद्रियवाल्यांनाही तीच पाटी, तांब्याच्या आकड्यासह. खोटे लिहिणाऱ्याचा गाळा काढून घ्या. त्याला आमचा पाठिंबा राहील.

३. गाळेभाड्यातला ठरावीक वाटा दरवर्षी माती आणि पाण्याच्या तपासणीसाठी बाजूला काढा. मातीत सेंद्रिय कर्ब आणि तांबे, पाण्यात नायट्रेट आणि जड धातू एवढे पाहिले तरी सुरुवात होईल. बागा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि अहवाल फलकावर लावा, माझा वाईट आला तरी.

४. रूपांतरण काळातल्या बागांना वेगळी रांग द्या आणि ग्राहकांना ती ओळखू येऊ द्या. माझ्या अनुभवाने पुणेकर गिऱ्हाईक चौकशी खूप करते आणि खरे सांगितले तर दोन पैसे जास्तही देते.

५. पिकागणिक विचार करा. सीताफळ, चिंच, आवळा, जांभूळ यांच्यासाठी सेंद्रियची अट लगेच घातली तरी आमची हरकत नाही. ही काटक झाडे आहेत. अंजीर, द्राक्ष आणि डाळिंबासाठी वेगळी मोजपट्टी लागेल. ती ठरवायला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या आणि कृषी महाविद्यालयातल्या जाणकारांना बोलवा. दोन्ही संस्था पुण्यातच आहेत.

६. समितीत गाळेधारक शेतकऱ्यांना किमान दोन जागा द्या. त्यातली एक बाईसाठी ठेवा, कारण गाळ्यावर बहुतेक बायाच उभ्या असतात.

यातली कुठलीही मागणी बाजार सेंद्रिय करण्याच्या आड येत नाही. उलट दुसरी आणि तिसरी मान्य झाली तर माझ्यासारखीला अंजिरात तांबे आणि औषध दोन्ही आणखी कमी करण्याचा तगादा दर आठवड्याला गिऱ्हाइकाकडूनच लागेल, आणि तो मला चालेल. बाहेर काढलेत तर तो तगादाही संपला.

पुढच्या रविवारी मी नेहमीच्या जागी असेन. सीताफळाची आणि अंजिराची, दोन्हींची फवारणी नोंदवही गाळ्यावर उघडी ठेवणार आहे. ज्याला वाचायची त्याने वाचावी, फोटो काढावा. समितीचे उत्तर लेखी हवे, आणि ते या महिन्याच्या शेवटच्या बाजारापूर्वी हवे, कारण त्यानंतर खट्टा बहाराचा माल कुठे पाठवायचा हे मला आडत्याला कळवावे लागेल.

कळावे,
पुरंदर तालुक्यातली तुमची एक गाळेधारक